एचएसपी७० वर काम करताय? या चुका टाळा

पेशींना उष्णता दिली की एचएसपी७० (ताणात पेशीतल्या इतर प्रथिनांना सांभाळणारं प्रथिन) वाढतं, एवढ्या एका वाक्याच्या भरवशावर कितीतरी एमएस्सी प्रोजेक्ट सुरू होतात. वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. प्रयोग फसतात ते उरलेल्या अर्ध्यामुळे.

मुळात माणसात एचएसपी७० हे एक जनुक नाही, डझनभर जनुकांचं कुटुंब आहे. उष्णतेनं उसळी घेते ती एचएसपीए१ए आणि एचएसपीए१बी ही जोडी. दोन्ही सहाव्या गुणसूत्रावर, एमएचसीच्या (प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांच्या) भागात, एकमेकांशेजारी. दोन्हींपासून ६४१ अमिनो आम्लांचं जवळपास एकच प्रथिन बनतं. अकराव्या गुणसूत्रावरचं एचएसपीए८ मात्र ताण असो-नसो, कायम चालू. त्याचं प्रथिन एचएससी७०, आणि ते या जोडीच्या प्रथिनाशी सुमारे ८५ टक्के जुळतं.

कंट्रोलमध्येही तेवढाच जाड बँड

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (अँटिबॉडीनं प्रथिन ओळखून पट्टा दाखवणाऱ्या चाचणीत) हे दिसलं की आधी अँटिबॉडीचा कागद वाचा. बऱ्याच अँटिबॉडी एचएसपी७० आणि एचएससी७० दोन्ही पकडतात, आणि मग तुम्ही कायम चालू असलेलं प्रथिनच मोजत बसता. कागदावर ती दोन्ही पकडते असं लिहिलं असेल तर ती बाजूला ठेवा. अँटिबॉडी बरोबर निघाली तर पेशींकडे बघा. हेलासारख्या कर्करोगाच्या पेशींत ताण नसतानाही एचएसपी७० भरपूर असतं, तिथे फरक पुसट दिसणारच.

तिसरी शक्यता इन्क्युबेटरची. लाइट गेली, दार उघडं राहिलं, तापमान वरखाली झालं की कंट्रोलच्या पेशींनाही ताण बसतो. या विषयाची सुरुवातच तशी झाली: फेरुच्चो रितोसा यांच्या फळमाश्यांच्या ऊतींचं तापमान इन्क्युबेटरमध्ये अनवधानानं वाढलं, गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले, आणि १९६२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यांना पावलं, प्रत्येकाला पावेल असं नाही.

उलट तक्रारही येते: उष्णता दिली, लगेच पेशी फोडल्या, काहीच वाढलेलं नाही. वाढणार कसं? एचएसएफ१ (ही जनुकं चालू करणारं प्रथिन) जागा होऊन आरएनए बनायला मिनिटं लागतात, प्रथिन साचायला तास. ४२-४३ अंशांवर अर्धा ते एक तास ठेवून पेशी ३७ अंशांवर परत आणा आणि चार ते आठ तासांनी प्रथिन बघा. आरएनए मात्र लवकर तपासा. उष्णता देताना प्लेट नुसती गरम इन्क्युबेटरमध्ये सरकवू नका. हवेतून माध्यम तापायला फार वेळ लागतो. फ्लास्क नीट बंद करून वॉटर बाथमध्ये बुडवा.

आरटी न करताही सिग्नल

आरएनए मोजायचा तर आधी आरटी (रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज) एन्झाइमनं त्याचा डीएनए बनवतात; ते न घालताही सिग्नल आला तर नमुन्यात मूळचा डीएनए उरलाय. ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात उशिरा लक्षात येते. जीनोमिक डीएनए चुकवायचा म्हणून आपण प्रायमर (मोजायचा तुकडा ठरवणारे छोटे डीएनए धागे) दोन एक्झॉनच्या (आरएनएत टिकणाऱ्या भागांच्या) सांध्यावर घेतो. एचएसपीए१ए आणि एचएसपीए१बी मध्ये इंट्रॉनच (आरएनएतून कापले जाणारे मधले भाग) नाहीत, त्यामुळे सांधाही नाही. आरएनएत थोडा डीएनए उरला तरी तो अगदी त्याच लांबीचा तुकडा देतो. मेल्ट कर्व्ह (तुकडा एकच आहे का ते दाखवणारा आलेख) सुरेख येतो आणि निकाल चुकीचा असतो. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) लावा आणि प्रत्येक नमुन्याबरोबर आरटी एन्झाइम नसलेली एक नळी ठेवाच. एका बॅचला एक पुरेशी नाही.

दोन्ही जनुकं वेगळी मोजायची असतील तर प्रायमर प्रथिनाच्या संकेतात नको, ३' टोकाच्या अनुवाद न होणाऱ्या भागात घ्या. फरक तिथे आहे. एसआयआरएनएनं (जनुक गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएनं) फक्त एकच बंद केलं तर दुसरं काम सांभाळून घेतं, आणि 'जनुकाचा काही परिणाम नाही' असा निष्कर्ष थिसिसमध्ये जातो.

प्रथिन शुद्ध, एटीपी ताजं, तरी ल्युसिफरेज उजळत नाही

ल्युसिफरेज हे उजेड पाडणारं प्रथिन; ते उलगडवून एचएसपी७० त्याची घडी परत बसवतं का, हे उजेडावरून बघतात. इथे चूक हाताची नसते, समजुतीची असते. एचएसपी७० साच्यासारखं प्रथिनाला आकार देत नाही. एटीपी (पेशीचं इंधन; वापरलं की त्याचं एडीपी होतं) बांधलेलं असताना त्याचं झाकण उघडं असतं. मग जे-प्रथिन, म्हणजे डीएनएजेबी१ सारखा एचएसपी४०, उलगडलेलं प्रथिन आणून देतं आणि एटीपीचं विघटन वेगानं घडवतं. झाकण मिटतं, पाण्याला टाळणारे भाग झाकले जातात, गुठळी टळते. मग एचएसपी११० किंवा बॅग१ सारखा मदतनीस एडीपी बाहेर काढतो, नवं एटीपी येतं, प्रथिन सुटतं आणि आपली घडी आपणच घालायचा प्रयत्न करतं. नाही जमलं तर पुन्हा फेरा.

म्हणून एकट्या एचएसपी७० नं ल्युसिफरेज जवळजवळ परत येत नाही. जे-प्रथिन हवंच, एडीपी काढणारा मदतनीस थोडा हवा (जास्त झाला तर उलटा अडथळा), आणि एटीपी भरून काढणारी व्यवस्था हवी.

हे सगळं असूनही अडलं तर टॅग (प्रथिन शुद्ध करण्यासाठी जोडलेला तुकडा) कुठे लावलाय ते तपासा. एचएसपीए१ए ची शेवटची चार अमिनो आम्लं, ईईव्हीडी, मोकळी असावी लागतात. डीएनएजेबी१, हॉप आणि चिप ही सहकारी प्रथिनं तिथेच जोडली जातात. सी-टोकाला हिस्टिडीन टॅग चिकटवला की ही शेपटी झाकली जाते. टॅग एन-टोकाला लावा.

जुने पेपर वाचून प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ) मागवत असाल तर आणखी एक बघा: 'एचएसपी७०-२' हे नाव काही ठिकाणी एचएसपीए१बी साठी, तर काही ठिकाणी वृषणातल्या एचएसपीए२ साठी वापरलंय. २००९ मध्ये नव्या नावांची पद्धत सुचवली गेली, तरी फ्रीझरमधल्या नळ्यांवर जुनीच नावं असतात. सीक्वेन्स करून मगच वापरा.