शाळेच्या बसला अपघात झाला तर पालकांनी एवढं करावं

गोव्यातली सरकारी योजनेतली शाळेची बस म्हणजे बालरथ असो की खासगी बस, आधी १०८ आणि उपचार. मग त्याच दिवशी बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा आणि पोलिसांकडून एफआयआर, पंचनाम्याची प्रत मागा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, फार्मसीची चिटुकली बिलंसुद्धा एका फाईलीत लावा. बिल हरवलं की तो खर्च सिद्ध करणं फार जड जातं.

‘मूल कमावतं कुठे, भरपाई कसली?’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. वेदना, अपंगत्व, पुढचे उपचार या सगळ्याची भरपाई मिळते. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, बसमालक, चालक आणि विमा कंपनीविरुद्ध करायचा. मुदत सहा महिन्यांची आहे, प्लॅस्टर निघेपर्यंत थांबू नका. घर पेडण्यात आणि अपघात फोंड्यात झाला तरी दावा राहत्या भागातल्या न्यायाधिकरणात चालतो.

वकिलाच्या फीची चिंता? १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मुलांना मोफत वकील मिळतो, पालकांचं उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. आणि कळकळीने सांगते, वकिलाला दाखवल्याशिवाय कुठल्याही समझोत्याच्या कागदावर सही करू नका.