घर विकायला निघालंय? भाडेकरूनं करून ठेवायची तयारी

मालकानं घर विकायला काढल्याचं बऱ्याचदा मालकाकडून कळतच नाही. एजंट गिऱ्हाईक घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा कळतं. म्हणून नुसती कुणकुण लागली तरी कपाटातला भाडेकरार बाहेर काढा. मुदत कधी संपते, नोटीस किती दिवसांची, घर दाखवण्याबद्दल एखादी ओळ आहे का, एवढं आधी वाचून घ्या. करार नुसता नोटरी केलेला असेल तर घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी झालेली नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. सोबत भाड्याच्या पावत्या किंवा यूपीआयचे व्यवहार आणि डिपॉझिट दिल्याचा पुरावा एकाच फाइलीत लावा.

आता खरा कटकटीचा भाग, घर दाखवणं. याच कायद्याचं कलम 28 मालकाला जागेची पाहणी करू देतं, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. म्हणजे 'घर माझं, मी केव्हाही येईन' हे चालत नाही, तसंच 'कोणालाच पाय ठेवू देणार नाही' हेही चालत नाही. माझं मत विचाराल तर सरळ नकार देऊ नका. वेळ तुम्हीच सुचवा. जो आधी वेळ सुचवतो त्याच्या सोयीनं पुढचं चालतं.

वेळ ठरवताना आपल्या खान्देशचा हिशेब धरा. बऱ्याच शहरांत नळ रोज येत नाही. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी मोटर, पाइप, ड्रम, पिंप यांत सगळं घर ओलं असतं. तो दिवस वगळा. एप्रिल-मे मध्ये भरदुपारी माणसं आणू नका म्हणावं. जळगाव-भुसावळच्या उन्हात त्यांनाही घर धड बघवत नाही. गच्चीवर बिबडे-कुरडया वाळत घातलेल्या असतील तर गच्ची दाखवायची वेळ वेगळी ठेवा, नाहीतर गिऱ्हाइकाच्या चपला थेट साडीवरच्या बिबड्यांवर. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात, ते चार दिवस कोणी येणार नाही हे आधीच सांगून टाका.

हे सगळं तोंडी बोला, मग व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. असं काहीतरी: 'आप्पा, घर दाखवायला आमची हरकत नाही. फक्त आदल्या दिवशी फोन करा. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी पाच ते सात आम्ही घरी असतो. सोबत तुम्ही किंवा तुमचा माणूस असू द्या, आणि आमच्या माघारी कुलूप उघडू नका.' शेवटचं वाक्य गाळू नका. मालकाकडची दुसरी चावी एजंटकडे गेली आहे का, हेही विचारून घ्या.

माणसं येण्याआधी दागिने, रोकड, कागदपत्रं कपाटात कुलूपबंद. व्हिडिओ काढायचा असेल तर भिंती, ओटा, बाथरूम यांचा काढा; देवघर, मुलं, उघडं कपाट नको, हे एजंटला दारातच सांगा. दाखवू देत नाही म्हणून कोणी पाणी किंवा वीज तोडायची भाषा केली तर कलम 29 लक्षात ठेवा. योग्य कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा बंद करता येत नाही.

सौदा ठरला की तुमचा कागद कोणत्या प्रकारचा आहे यावर पुढचं ठरतं. खरा भाडेकरार असेल तर नवा मालक जुन्याच्या जागी येतो. घर विकलं एवढ्यावरून तुम्हाला काढता येत नाही. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी असेल तर बाजू नाजूक. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 59 प्रमाणे घेणारा त्या परवानगीनं आपोआप बांधला जात नाही. मात्र तुमची चूक नसताना मुदतीआधी बाहेर काढलं, तर कलम 64 प्रमाणे परवानगी देणाऱ्याकडून, म्हणजे जुन्या मालकाकडून, भरपाई मागता येते. म्हणून मुदत संपेपर्यंत राहू देण्याचं सौदापावतीतच लिहून घ्यायला लावा. विसार हातात पडण्याआधी मालक ऐकतो, नंतर नाही.

भाडं नव्या मालकाला नुसत्या फोनवर सुरू करू नका. जुन्या मालकाचं पत्र आणि इंडेक्स-टूची, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत मागा. सगळ्यात जास्त जपायचं ते डिपॉझिट. जुना म्हणतो नव्याकडून घ्या, नवा म्हणतो मला मिळालंच नाही. रक्कम कोणाकडे राहिली ते तिघांच्या सह्यांनी एका कागदावर आणा, आणि घर सोडायचंच ठरलं तर महावितरणच्या मीटरचा फोटो काढून, रक्कम खात्यात आल्यावरच चावी हातात द्या.