शेवटच्या धड्यापर्यंत विद्यार्थी टिकेल असा ऑनलाइन कोर्स कसा बांधावा

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुन्या दप्तरांतली मोडी लिपी वाचणाऱ्यांची गरज एकदम वाढली. आज कुणी मोडीचा ऑनलाइन कोर्स काढला, तर विद्यार्थी मिळतील. ते टिकवणं मात्र अवघड. एमआयटी आणि हार्वर्डच्या, एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या कोर्सेसचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नाव नोंदवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी कोर्स उघडूनही पाहिला नव्हता. मोडीचंच उदाहरण घेऊन पायऱ्या सांगतो. तुमचा विषय दुसरा असला तरी क्रम हाच ठेवा.

१. आधी परीक्षा ठरवा, मग धडे

‘मोडी शिकवणे’ एवढ्यावरून कोर्स बांधता येत नाही. ‘जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतलं एक अनोळखी पान स्वतः देवनागरीत उतरवता आलं पाहिजे’ यावरून येतो. असं एक पान निवडा आणि समोर ठेवा. ते वाचायला जे लागत नाही, ते मुख्य धड्यांतून काढा. मोडीचा उगम, हेमाडपंतांची कथा, शिवकालीन आणि पेशवेकालीन वळणं हे सगळं मलाही प्रिय आहे, पण त्याची जागा पुरवणी वाचनात. पहिला तास इतिहासात गेला, तर आजोबांची नोंद शोधायला आलेला माणूस दुसऱ्या तासाला येत नाही.

२. पहिल्याच धड्यात काहीतरी वाचता आलं पाहिजे

‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत वर्णमाला घोटून घेण्याचा मोह आवरा. नोंदीत सतत येणारे चार-पाच शब्द घ्या: मौजे (गाव), बिन (‘चा मुलगा’), कुणबी, जात. तेवढ्यांतलीच अक्षरं गिरवायला लावा. मग खऱ्या नोंदीतली एक ओळ दाखवा. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे नवख्याला ती ओळ म्हणजे एकच गुंता वाटते. त्याला इतकंच सांगा, ‘यात बिन शोधा आणि गोल करा.’ बिन सापडलं की अलीकडे मुलाचं नाव, पलीकडे बापाचं. अख्खी ओळ वाचता आली नाही तरी ती कुठे तोडायची हे कळलं. हा आनंद पहिल्या दिवशीच मिळायला हवा. माणूस परत येतो तो यासाठीच.

३. व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत

संशोधक फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ च्या अभ्यासात एडएक्सवर व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षकांचं टिकून राहणं साधारण सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हतं. नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने लिहून समजावलेलं लोक जास्त वेळ पाहत होते. मोडीला तर हे फारच लागू. मोबाइल स्टँडला लावून कागदावर वरून रोखा आणि शिरोरेषा आधी ओढून तिच्याखाली अक्षरं न थांबता कशी उतरतात, ते हातासकट दिसू द्या. पंखा बंद करा, कॉलर माइक लावा. चित्र थोडं खराब चालतं, आवाज नाही.

४. पुन्हा दाखवू नका, आठवायला लावा

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. म्हणून प्रत्येक धडा मागच्या धड्यातल्या दोन ओळींनी सुरू करा, उत्तर झाकून. मधूनच चार धड्यांपूर्वीची एक ओळ घाला.

५. गृहपाठ कुणीतरी पाहिलाच पाहिजे

माझ्या मते कोर्स तरतो किंवा बुडतो तो इथे. विद्यार्थ्याने वहीचं पान लिहावं, फोटो काढून व्हॉट्सॲप गटावर टाकावा आणि दोन दिवसांत त्याला उत्तर मिळावं. ‘छान’ हे उत्तर नव्हे. ‘तिसऱ्या ओळीत र ची गाठ सुटली आहे, तेवढीच पुन्हा लिहून पाठवा’ हे उत्तर. एका तुकडीत तुम्हाला जितकी पानं खरोखर तपासता येतील तितकेच विद्यार्थी घ्या. तुकडीची सुरुवात आणि शेवट तारखेने बांधा. ‘सवडीने करा’ म्हटलं की ती सवड कधीच येत नाही.

६. डेटा आणि वेळ यांचा विचार

व्हिडिओ डाउनलोड करता यावेत, सरावाचे कागद छापता येतील असे पीडीएफमध्ये असावेत. थेट तास रात्री नऊनंतर ठेवलात तर नोकरी करणाऱ्यांना आणि घर सांभाळणाऱ्यांना जमतो.

७. सगळं रेकॉर्ड करण्याआधी चाचणी

पहिले तीन धडे तयार झाले की मोडी अजिबात न येणाऱ्या चार जणांना द्या. ते करत असताना शेजारी बसा, पण मदत करू नका. ते कुठे थांबतात, व्हिडिओ कुठे मागे नेतात, हे टिपून ठेवा. दोघं एकाच जागी अडले, तर तो धडा दोन तुकड्यांत करून नव्याने रेकॉर्ड करा आणि मगच चौथ्या धड्याला हात घाला.