भज्यांच्या मिरचीचं बी आता टाका

गौरी-गणपती झाले की भज्यांच्या मिरचीचं बी टाकायला घ्या. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बी पडलं, तर रोपं कुंडीत जाईपर्यंत ऑक्टोबरचं कडक ऊन उतरलेलं असतं. मुंबई-कोकणात थोडा उशीर चालून जातो. नाशिक, पुणे आणि विदर्भात मात्र उशीर नको. रात्री गार झाल्या की आठ-दहा दिवसांत उगवणारं बी दोन-तीन आठवडे घेतं आणि रोपंही खुंटतात.

बाजारात भावनगरी म्हणूनही मिळते ती ही मिरची: लांब, पोपटी, बेतानं तिखट. घरच्या बागेत ढोबळीपेक्षा मी हीच लावायला सांगेन. ढोबळीचे नखरे जास्त, आणि गच्चीवरच्या उन्हात ती लवकर दमते. बी पाकिटातलंच घ्या. मंडईतून आणलेल्या हिरव्या मिरचीतलं बी काढून पेरू नका. ती कोवळीच तोडलेली असते, आतलं बी पिकलेलं नसतं.

ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं-निम्मं भरून त्यात चिमूटभर ट्रायकोडर्मा, म्हणजे मूळकूज रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळा. बी अर्धा सेंटीमीटर खोल टाका. कोंब दिसले की ट्रे लगेच उजेडात आणा, नाहीतर रोपं लुकडी होतात. पाणी सकाळीच द्या. रात्रभर ओल साचली की रोपं बुडाशी कुजून आडवी होतात, आणि मग काही करता येत नाही.

साधारण पस्तीस-चाळीस दिवसांनी, रोप वीतभर होत आलं की संध्याकाळी लागण करा. एका झाडाला बारा इंची कुंडी. जमिनीत दोन झाडांत दीड-दोन फूट अंतर. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. दिवसाला निदान सहा तास ऊन हवं. लावतानाच शेजारी काठी रोवा, नंतर रोवताना मुळं दुखावतात.

शेजारच्या कुंडीत लवंगी असेल तर ही मिरचीही तिखट होते, असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही. तिखटपणा तयार होतो तो मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरेत, आणि ती शीर त्याच झाडाची असते. पराग कुठूनही येवो, या वर्षीच्या फळावर परिणाम नाही. फरक पडतो तो त्या फळातलं बी पुढच्या वर्षी लावल्यावर. मिरची अचानक तिखट निघाली तर आधी पाणी कसं दिलं ते बघा. झाडाला पाण्याचा ताण बसला की तिखटपणा वाढतो. दोन दिवस कुंडी कोरडी आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी, असं करू नका. बोट पेरभर मातीत घालून पाहा. कोरडं लागलं तरच पाणी द्या, पण मग खालून निथळेपर्यंत द्या. मिरचीचं टोक काळं पडून सुकतं तेही बहुधा पाण्याच्या याच हेळसांडीमुळे: ओल कमी-जास्त झाली की फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो पानं आकसवणारा चुरडा-मुरडा, म्हणजेच बोकड्या. पानं वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे आहेत. एखादं फूल पांढऱ्या कागदावर झटका. पिवळसर, रेघेएवढे बारीक जीव पळताना दिसतील. पानं खाली वळली, अरुंद झाली आणि देठ लांबले, तर कोळी ही रस शोषणारी सूक्ष्म कीड आहे. तो नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावा आणि पाच टक्के निंबोळी अर्क आठवड्यातून एकदा संध्याकाळी फवारा. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून गाळली की अर्क तयार. कोळ्यावर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, तेही भर उन्हात नाही. पांढरी माशी विषाणू पसरवते. शेंड्याची पानं पिवळी, बारीक होऊन झाड गुच्छासारखं झालं असेल तर मोह ठेवू नका, उपटून टाका. ते झाड सुधारत नाही आणि शेजारच्यांनाही रोग देतं.

रोप बाळसं धरण्याआधी आलेली पहिली दोन-चार फुलं खुडा. दर पंधरवड्याला मूठभर गांडूळखत पुरतं. युरिया टाकाल तर नुसता पाला वाढेल.

मिरची पूर्ण लांबीची, तकतकीत आणि पोपटी असतानाच देठासकट कात्रीनं कापा. ओढून तोडलीत तर फांदी मोडते. झाडावर लाल होईपर्यंत ठेवल्या की नवी फुलं कमी येतात, म्हणून तोडा चार-पाच दिवसांनी करत राहा.

बी धरायचं असेल तर वाण संकरित नसावा. सगळ्यात निरोगी झाडाची एक फांदी निवडा, कळ्या उमलण्याआधी तिला मलमलची पिशवी बांधा आणि फळं धरली की पिशवी काढून त्या फळांना दोरा बांधून ठेवा. ती पूर्ण लाल झाल्यावरच काढा आणि बी सावलीत वाळवा.