ठाण्याहून दुबईला राहायला जावं का, हे कसं ठरवायचं

पगाराचा आकडा जरा बाजूला ठेवा, आधी भाड्याचं बघा. दुबईत पगारावर आयकर नाही, हे खरं. पण भाडं वर्षाचं ठरतं आणि बहुतेकदा मोजक्या चेकांत आगाऊ जातं. शिवाय वार्षिक भाड्याच्या ५ टक्के शुल्क वीज-पाण्याच्या बिलातून दरमहा वसूल होतं. उन्हाळाभर एसी बंद करता येत नाही, म्हणून ‘चिलर’चा, म्हणजे इमारतीच्या सामायिक एसी-यंत्रणेचा, खर्च भाड्यात धरलाय की वेगळा, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्या. तिथे संसार केलाय म्हणून सांगते, हा प्रश्न अजिबात सोडू नका. मुलं असतील तर शाळेची फी कंपनी भरणार का, तेही विचारा.

वाळवंट म्हणजे कोरडी हवा, असं समजू नका. शहर समुद्राकाठी आहे. ऑगस्टात पारा ४० च्या वर आणि हवा दमट. मे महिन्यातला आपला घोडबंदर रोड त्यापुढे सुसह्य वाटेल. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उन्हात काम करायला कायद्यानेच बंदी असते. म्हणून शहर बघायला ऑगस्टात जा. जानेवारीत ते कुणालाही आवडेल, आणि हिवाळा तिथे खरोखरच सुंदर असतो.

व्हिसा बहुधा नोकरीला बांधलेला असतो, तेव्हा परतीपुरते पैसे इथल्या खात्यात ठेवा. आईबाबा नौपाड्यात एकटे राहणार असतील, तर रात्री-अपरात्री त्यांच्याकडे कोण धावेल, हे त्या माणसाशी बोलूनच तिकीट काढा.