कंबाइनचं सायन्स: ठोकळा बाजूला ठेवा, मोरचुदापासून सुरुवात करा

कंबाइन म्हणजे एमपीएससीची (महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची) संयुक्त परीक्षा. तिची तयारी करणाऱ्या, पण दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक न उघडलेल्यांसाठी हे लिहितोय. मीही आर्ट्सवाला. घर निफाड तालुक्यात, घरची द्राक्षबाग, अभ्यासाला नाशिकमध्ये. आता नोकरी लागली आहे, तरी गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत कधी डोकावलं की नवीन पोरं तोच प्रश्न विचारतात: दादा, सायन्स कुठून सुरू करू?

ठोकळ्यापासून, म्हणजे सगळे विषय एकत्र कोंबलेल्या जाडजूड गाइडपासून तरी नको. ठोकळा शेवटच्या महिन्यात कामाचा, कारण त्यात उत्तरं भरपूर असतात आणि कारणं जवळपास नसतात. आयोगाला मात्र ‘पुढीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत’ हा प्रकार फार प्रिय. कारण माहीत नसेल तर दोन पर्यायांत अडकायला होतं, आणि निगेटिव्ह मार्किंगमुळे तिथे अंदाज ठोकणं महागात पडतं. म्हणून माझं ऐकायचं तर आधी एखादी रोजच्या पाहण्यातली वस्तू घ्या, तिच्यामागचं रसायन, भौतिक, जीव असं सगळं एकदा उलगडा, आणि मग पुस्तकातला तो धडा वाचा.

आमच्या भागातलं उदाहरण बोर्डो मिश्रणाचं. द्राक्षावरच्या डाउनी म्हणजे केवडा रोगावर मारतात ते. एक टक्क्याचं करायचं तर 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याचे निळे खडे तापवले की पांढरे पडतात, कारण निळेपणा स्फटिकजलामुळे असतो. चुना भिजवला की बादली हाताला चटका देते. ही उष्मादायी अभिक्रिया. मोरचुदाचं द्रावण आम्लधर्मी, चुन्याची निवळी आम्लारीधर्मी. दोन्ही एकत्र केलं की तांब्याचं न विरघळणारं संयुग तयार होतं, ते पानावर चिकटून राहतं आणि त्यातून हळूहळू सुटणारं तांबं रोगाचे बीजाणू मारतं. चुना कमी पडला तर द्रावण आम्लधर्मीच राहतं आणि पानं करपतात.

आता खरी गंमत. मिश्रण नीट झालं का, हे बघायला जुने शेतकरी त्यात स्वच्छ घासलेला विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला की चुना अजून घालायचा. हीच विस्थापन अभिक्रिया. लोह तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून लोह द्रावणात जातं आणि तांबं बाहेर पडून पात्यावर बसतं. मोरचूद लोखंडी भांड्यात का भिजवत नाहीत, तेही इथेच कळतं. मग स्वतःलाच विचारा: विळ्याऐवजी जस्ताची पट्टी असती तर? थर आला असता. चांदीची असती तर? काहीच झालं नसतं. धातूंची क्रियाशीलता श्रेणी एवढ्यात निम्मी पाठ होते. आणि जाता जाता जीवशास्त्र: द्राक्षावरचा दुसरा रोग भुरी, त्याची ही खरी बुरशी, पण डाउनीचा रोगकारक आता खऱ्या बुरशींत धरत नाहीत, तो ऊमायसीट या बुरशीसारख्या दिसणाऱ्या जीवांच्या गटातला. एवढं खोल कोणी विचारणार नाही, पण मला आवडतं म्हणून सांगितलं.

उष्णता आणि हवामान हे दोन धडे मी एकत्रच करायला सांगतो, आणि निफाडची थंडी त्यासाठी उत्तम. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाचच्या खाली गेला की पेपरात बातमी येते आणि बागाईतदारांची झोप उडते, कारण मणी तडकतात. अशा रात्री आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो. दिवसभर तापलेली जमीन अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता सोडत राहते आणि ती अडवायला वर ढग नसतात. थंड हवा जड, म्हणून ती खोलगट वावरात साचते. खालच्या बागेला फटका आणि टेकाडावरची बाग बरी, हे त्यामुळेच. लोक पहाटे बागेत शेकोट्या करतात, ठिबक चालू करतात. विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा कोमट असतं. शिवाय पाण्याची विशिष्ट उष्मा धारकता मोठी, म्हणून ओली जमीन कोरडीपेक्षा सावकाश थंड होते.

हे कळलं की हरितगृह परिणाम वेगळा शिकावा लागत नाही. ढगांचं काम कार्बन डायऑक्साइड, बाष्प, मिथेन अहोरात्र करतात. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान 15 ऐवजी उणे 18 अंशांच्या आसपास असतं. नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून कोरड्या हवेचा 99 टक्के भाग, पण ते अवरक्त किरण शोषत नाहीत, म्हणून हरितगृह वायू नाहीत. हे विधान आलं तर गडबडू नका. औद्योगिक क्रांतीपूर्वी कार्बन डायऑक्साइड साधारण 280 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग) होता, आता 420 च्या वर गेला आहे. ओझोनचा थर विरळ होणं हे प्रकरण वेगळं. त्याचा करार मॉन्ट्रियल, 1987. क्योटो 1997 आणि पॅरिस 2015 हे हरितगृह वायूंचे. घोळ होतो तो सीएफसी म्हणजे क्लोरोफ्लोरोकार्बन वायूंमुळे, कारण ते ओझोनही खातात आणि हरितगृह वायूही आहेत. आणि निफाडला कडाका पडला म्हणून तापमानवाढ खोटी ठरत नाही. हवामानाची सरासरी साधारण 30 वर्षांची धरतात, एका रात्रीची नाही.

इगतपुरीला धो-धो आणि येवल्यात टँकर, हा प्रतिरोध पाऊस, म्हणजे डोंगराने ढग अडवल्यामुळे अलीकडे कोसळणारा. लासलगावच्या विकिरण केंद्रात कांद्याला कोंब फुटू नये म्हणून गॅमा किरणांचा मारा करतात, त्याने कांदा किरणोत्सारी होत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, म्हणून इथे पाणी 98 अंशांना उकळतं. अशी उदाहरणं तुम्हालाही सापडतील, नाशिकचीच हवीत असं नाही.

पण सगळंच असं जमत नाही. प्राण्यांचे संघ, जीवनसत्त्वं आणि त्यांच्या अभावाचे रोग, आवर्त सारणीतले पहिले वीस अणुअंक: हे सरळ घोका. रोगांचा तक्ता करताना रोगकारक आणि वाहक हे दोन वेगळे रकाने ठेवा. डेंग्यू विषाणूचा, मलेरिया आदिजीवाचा, डास दोन्हीकडे, पण एडिस वेगळा आणि अॅनाफिलिस वेगळा. भिंगं आणि आरसे वाचून येत नाहीत, त्यांच्या किरणाकृती कागदावर काढाव्याच लागतात. पट्टी-पेन्सिल घ्या, वस्तू दूरवरून भिंगाजवळ आणत न्या आणि प्रतिमेचं काय होतं ते बघा.

पुस्तकं स्टेट बोर्डाचीच: आठवी, नववी, मग दहावीचे दोन्ही भाग. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट आहेत, पण छापील प्रत घ्या, समासात लिहायला बरी पडते. पहिल्या भागात भौतिक-रसायन, दुसऱ्यात जीवशास्त्र आणि पर्यावरण. सहावी-सातवी नुसती चाळा. धड्याखालचा स्वाध्याय मुलं सोडून देतात, तो सोडवा. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ मधली वाक्यं थोडी फिरवली की विधानांचा प्रश्न तयार होतो.

धडा संपला की त्याच दिवशी त्यावरचे आयोगाचे जुने प्रश्न सोडवायचे. प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. तालिका अंतिमच घ्या, कारण पहिल्या तालिकेतली काही उत्तरं हरकतींनंतर बदलतात किंवा प्रश्नच रद्द होतो. चुकलेला प्रश्न वहीत उतरवू नका, त्याचं उत्तर पुस्तकात ज्या ओळीत आहे तिथे पेन्सिलीने वर्ष टाका. दोन-तीन परीक्षांचे पेपर झाले की कोणत्या पानावर गर्दी होते ते आपोआप दिसतं, आणि शेवटच्या आठवड्यात तेवढीच पानं उघडायची.