नकाशा आधी मागा : अपंगांच्या सेवांबद्दल सल्ला देणाऱ्या समितीत नव्याने येणाऱ्यांसाठी

पहिल्या बैठकीच्या दिवशी आम्हा सहा सदस्यांना आधी एक रॅम्प बघायला नेलं. रॅम्प पूर्ण झालेला होता. सिमेंट वाळलेलं, कठड्यांना रंग दिलेला, उद्घाटनाची तारीखसुद्धा ठरलेली. "कसा वाटतो, मोकळेपणाने सांगा," अधिकारी कौतुकाने म्हणाले. लहानपणीच्या पोलिओमुळे माझ्या डाव्या पायाला कॅलिपर आहे आणि काखेत कुबडी असते. मी चार पावलं चढले आणि थांबले. व्हीलचेअरवरचे आमचे ज्येष्ठ सदस्य खालूनच म्हणाले, "वर जायला मला दोन माणसं लागतील, आणि खाली येताना देव." सगळे हसले. रॅम्प तसाच राहिला, कारण तो तोडून पुन्हा बांधायला पैसे नव्हते. इतिवृत्तात मात्र 'समितीशी सल्लामसलत करण्यात आली' हे वाक्य छापून आलं.

त्यानंतर नऊ वर्षं मी हे काम केलं, बिनपगारी. नवीन आलेल्यांना सगळ्यात आधी हेच सांगते की तयार कामावर मत विचारतात तेव्हा त्यांना आपली सही हवी असते. म्हणून पहिल्याच बैठकीत विचारा, पुढच्या वर्षभरात काय काय बांधलं, बदललं किंवा बंद केलं जाणार आहे, आणि त्याचा आराखडा आमच्यापुढे कधी येईल? कागदावरची रेघ खोडायला रबर पुरतं.

'तुम्हाला एवढं आधी कशाला विचारायचं?' असं कुणीतरी विचारणारच. त्यासाठी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एक नोंद आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेला आणि ३ मे २००८ पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमातला तिसरा परिच्छेद सांगतो की अपंगांशी संबंधित कायदे आणि धोरणं ठरवताना त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांमार्फत त्यांच्याशी, अपंग मुलांशीसुद्धा, जवळून सल्लामसलत करायची आणि त्यांना सक्रिय सहभागी करून घ्यायचं. बैठकीत हे कलम मी फार वेळा वाचून दाखवलं नाही. पण ते आपल्याला पाठ आहे हे समोरच्याला कळलं की सूर बदलतो.

याच पानावर खाली एक शिडी काढलेली आहे. शेरी अर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या. तळाशी लोकांना नुसतं झुलवणं, वर लोकांच्या हाती नियंत्रण. सल्लामसलत चौथ्या पायरीवर येते, आणि ती पायरी त्यांनी 'दिखाऊ सहभाग' या गटात टाकली आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला, आपण एवढे खपतो आणि ही बाई आपल्याला दिखाऊ म्हणते! पुढे प्रत्येक बैठकीनंतर मनातल्या मनात खूण करू लागले, आज कितव्या पायरीवर होतो ते.

मोजायला शिका, हे पुढचं. "रॅम्पचा चढ फार उभा आहे" ही तक्रार झाली. तिच्यावर "आम्हाला तर ठीक वाटतो" हे उत्तर तयार असतं. त्या पहिल्या रॅम्पचं नंतर मी गणित मांडलं. तीन पायऱ्यांची मिळून उंची ४५ सेंटीमीटर, रॅम्पची लांबी जेमतेम २ मीटर. बहुतेक ठिकाणी १ ला १२ हे प्रमाण धरतात, म्हणजे १ सेंटीमीटर चढायला १२ सेंटीमीटर लांबी. त्या हिशेबाने तिथे ५ मीटर ४० सेंटीमीटर हवे होते. पिशवीत मापाची टेप ठेवा. फोनमध्ये लेव्हल दाखवणारं ॲप असतं, फोन रॅम्पवर सपाट ठेवला आणि आकडा पाच अंशांच्या पुढे गेला की बोलायला सुरुवात करायची. १ ला १२ म्हणजे साधारण पावणेपाच अंश. दाराची रुंदी घेताना चौकट मोजू नका, दार उघडल्यावर खरी मोकळी जागा किती उरते ती मोजा. व्हीलचेअर वळवायला साधारण दीड मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात ते वर्तुळ नकाशावर असतं आणि प्रत्यक्षात तिथे बादल्या, झाडू आणि मोडकी खुर्ची असते. हे बघायला न सांगता जा. सांगून गेलात तर बादल्या हललेल्या असतात.

आता माझी चूक सांगते.

एका चौकाचं काम निघालं आणि या वेळी नकाशा खरोखरच आधी आला. मी खूश. पदपथावरून रस्त्यावर उतरताना दोन-तीन सेंटीमीटरची कडसुद्धा माझ्या कुबडीला आणि व्हीलचेअरच्या पुढच्या लहान चाकांना नडते, म्हणून मी आग्रह धरला की ओलांडायच्या जागी पदपथ आणि रस्ता एका पातळीत आणा, कड अजिबात नको. अभियंत्यांनी मान्य केलं. त्या बैठकीला आमचे दृष्टिहीन सदस्य नव्हते. का नव्हते, याचा विचारही मी त्या दिवशी केला नाही. चार कोपऱ्यांपैकी एक कोपरा नमुना म्हणून तयार झाल्यावर मी त्यांना अभिमानाने तिथे घेऊन गेले. ते नेहमीप्रमाणे पांढरी काठी डावी-उजवीकडे फिरवत पुढे निघाले. मी मागे, कामगारांशी बोलत. पाहिलं तर ते तीन पावलं रस्त्यात, आणि समोरून दुचाकी. मी ओरडले, दुचाकीवाल्याने ब्रेक मारला. त्यांचा हात धरून मागे आणलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "कड कुठे गेली?"

मी सांगितलं, मीच काढायला लावली.

"ती तुम्हाला नडत होती," ते म्हणाले, "पण पदपथ संपला हे मला तीच सांगायची."

यावरचा उपाय कधीच निघालेला होता. मलाच तो ठाऊक नव्हता. जपानमधल्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये पायाला आणि काठीला कळतील अशा उठावाच्या फरश्या तयार केल्या आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळ त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. ठिपक्यांची फरशी म्हणजे थांबा, पुढे धोका आहे. उभ्या पट्ट्यांची म्हणजे या दिशेने चला. उरलेल्या तीन कोपऱ्यांच्या नकाशात पातळी एकच ठेवून, उताराच्या पूर्ण रुंदीला कडेशी ठिपक्यांची पट्टी आली. पहिला कोपरा फोडून दुरुस्त करावा लागला. तो खर्च माझ्या नावावर आहे असंच मी समजते.

ते त्या बैठकीला का आले नाहीत, हे नंतर कळलं. बैठकीचे कागद स्कॅन करून पाठवले होते. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यात अक्षर सापडत नाही, चित्र सापडतं. त्यांना विषयपत्रिकाच वाचता आली नव्हती, मग चौकाचा विषय आहे हे कळणार कसं? तेव्हापासून बैठकीच्या आधीची व्यवस्था हा मी कामाचाच भाग धरला. कागद स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा मजकुरात हवेत, आणि निदान आठवडाभर आधी. नकाशा असेल तर शेजारी त्याचं शब्दांत वर्णन. कर्णबधिर सदस्य असतील तर सांकेतिक भाषेचे दुभाषी, लांब बैठकीला एक नव्हे दोन, कारण अर्ध्या तासात माणूस थकतो आणि थकलेला दुभाषी वाक्यं गाळतो. आणि बोलताना बघायचं त्या सदस्याकडे. "त्यांना विचारा ना…" असं दुभाष्याला सांगत बसलात तर समोरचा माणूस खोलीत नसल्यासारखा होतो. बौद्धिक अक्षमता असलेली एक तरुणी आमच्यात आली तेव्हा तिनेच रंगीत कार्डांची पद्धत आणली. पिवळं कार्ड वर केलं की हळू आणि सोपं बोला, लाल केलं की थांबा, मला कळलेलं नाही. दोन महिन्यांत लेखा विभागाच्या सादरीकरणाला आम्ही बाकीचेही लाल कार्ड दाखवू लागलो. इतके दिवस कळत नसताना माना डोलवत होतो, हे त्या कार्डांमुळे उघड झालं.

जगात अंदाजे १३० कोटी, म्हणजे दर सहा जणांत एक, इतके लोक लक्षणीय अपंगत्वासह जगतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातल्या कितीतरी जणांचं अपंगत्व बघून कळत नाही. समितीवर बसल्यावर तुम्ही या सगळ्यांच्या वतीने बोलताय असं समोरचे गृहीत धरतात, आणि काही दिवसांनी आपल्यालाही तसंच वाटू लागतं. मी एक वाक्य ठरवून घेतलंय, "हा माझा अनुभव, पण या बाबतीत अमुक सदस्यांना विचारायला हवं." अपंग नसलेले स्वयंसेवक, पालक, काळजीवाहू यांचीही समितीत गरज असते. फक्त पालकांनी आपलं मत आणि मुलाचं मत वेगळं करून सांगावं, ही माझी विनंती. बैठकीत संख्या कुणाची जास्त आहे यानेही फरक पडतो. एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत अपंगांनीच चालवलेलं 'स्वतंत्र जीवन केंद्र' सुरू केलं, रॉबर्ट्स स्वतः पोलिओग्रस्त. त्या धर्तीवरच्या सरकारी निधी घेणाऱ्या केंद्रांच्या नियामक मंडळात निम्म्याहून अधिक सदस्य अपंग असावेत, अशी अट पुढे अमेरिकी कायद्यात आली.

दिव्यांग म्हणायचं की अपंग, यावर आमच्याकडे एक पूर्ण बैठक गेली. ज्याला जे चालतं ते त्याला विचारून म्हणा आणि पुढच्या विषयाकडे वळा.

लोकांना तुम्ही समितीवर आहात हे कळलं की फोन सुरू होतात. माझा अर्ज अडकलाय, मुलाला शाळा घेत नाही, साहेबांना सांगा. पहिल्या वर्षी मी हे सगळे फोन घेतले, रात्री अकरालासुद्धा, आणि एकाचंही काम धड झालं नाही. सल्लागाराकडे अर्ज मंजूर करायचा अधिकार नसतो. तो आहे असं भासवलं तर त्या माणसाचे महिने वाया जातात. नंतर मी एवढंच सांगू लागले की अर्ज कुठे द्यायचा, पोच घ्यायची, नकार आला तर लेखी मागायचा. त्याच अडचणीचे तीन-चार फोन आले की नावगाव काढून तो प्रश्न बैठकीत मांडायचे. नावगाव काढणं महत्त्वाचं. एकदा मी उदाहरण म्हणून एका बाईंची हकीकत जरा जास्त तपशिलात सांगितली आणि खोलीतल्या दोघांनी त्यांना ओळखलं. त्या माझ्याशी पुढे बोलल्या नाहीत.

स्वतःचा किंवा नातेवाइकाचा संबंध असलेला विषय आला तर आधीच सांगून टाका आणि त्या चर्चेत गप्प बसा. बिनपगारी म्हणजे पदरमोड, असंही समजू नका. प्रवासखर्च, मदतनिसाचा खर्च पहिल्या दिवशी विचारा. लाज वाटते, मलाही वाटली. पण तो मिळाला नाही तर समितीवर फक्त परवडणारे लोक उरतात.

सगळ्यात कंटाळवाणं काम शेवटी सांगते, कारण ते आधी सांगितलं तर कुणी समितीवर येणार नाही. समितीची आम्ही एक वही ठेवतो. चार रकाने : काय सुचवलं, कधी, कोणी करायचं, काय झालं. दर बैठकीचा पहिला विषय हीच वही. चौथ्या रकान्यात 'नाही' चालतं, पण शेजारी त्याचं कारण लिहिलेलं हवं. 'विचाराधीन' सलग दोनदा आलं की आम्ही लेखी विचारतो. वही सुरू केली त्या वर्षी चौथा रकाना जवळजवळ कोरा होता, आणि अधिकाऱ्यांना ती वही अजिबात आवडत नसे. नंतर बदलून आलेल्या एका अधिकाऱ्यांनी स्वतःहून ती मागून घेतली. आपल्या खात्यात आधी काय काय ठरलं होतं, हे त्यांना दुसरीकडे कुठेच सापडत नव्हतं.

गेल्या महिन्यात मी समितीतून बाहेर पडले. वही आता लाल-पिवळी कार्डं आणणाऱ्या त्या तरुणीकडे आहे. मापाची टेपही तिलाच दिली. पहिला रॅम्प अजून तसाच आहे. तिने पहिल्याच पानावर त्याची नोंद केली आहे, चौथ्या रकान्यात लाल शाईने.